रंग आला नाही म्हणजे नक्की काय?

स्तनाच्या कर्करोगाचे निदान झालेल्या स्त्रीच्या फाइलमध्ये एक कागद असतो. गाठीचा आकार, तिची श्रेणी, काखेतल्या किती गाठींपर्यंत आजार पोचला आहे, अशा नोंदींच्या खाली त्यावर तीन छोट्या ओळी असतात: ईआर, पीआर आणि हर-टू. प्रत्येकीपुढे पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह. नातेवाइकांच्या लेखी ही अक्षरे म्हणजे डॉक्टरी भाषेतली आणखी एक भानगड. कर्करोगतज्ज्ञ मात्र पुढच्या काही वर्षांचे उपचार बऱ्याच अंशी याच तीन ओळींवरून ठरवतात. ईआर पॉझिटिव्ह असेल तर टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोलसारखी गोळी पाच वर्षे, कधी त्याहूनही जास्त. हर-टू पॉझिटिव्ह असेल तर ट्रास्टुझुमॅबची इंजेक्शने. तिन्ही निगेटिव्ह असतील तर हे दोन्ही दरवाजे बंद, आणि मुख्य भिस्त केमोथेरपीवर.

रक्तातली साखर मोजताना यंत्र आकडा देते, तसे या ओळींचे नसते. त्या येतात रंगातून. काचपट्टीवर चिकटवलेल्या गाठीच्या पातळ चकतीवर तपकिरी रंग दिसला की नाही, किती पेशींवर दिसला, किती गडद दिसला, हे डोळ्यांनी पाहून पॅथॉलॉजिस्ट निकाल लिहितो. हा रंग तिथे आणते एक अँटिबॉडी, म्हणजे प्रतिपिंड. कोविडच्या काळात हा शब्द घरोघरी पोचला, पण तो शरीरात तयार होणाऱ्या संरक्षक प्रतिपिंडांच्या संदर्भात. इथली अँटिबॉडी बाटलीतून येते. तिचे काम बरे करण्याचे नाही, बोट दाखवण्याचे आहे: कर्करोगाशी संबंधित अमुक प्रथिन या पेशीत आहे, एवढेच तिने सांगायचे.

ती बनते कशी हे पाहिले की तिची ताकद आणि तिची मर्यादा दोन्ही लक्षात येतात. जे प्रथिन शोधायचे ते, किंवा त्याचा एखादा तुकडा, उंदराला किंवा सशाला टोचतात. प्राण्याचे शरीर त्याला परके समजून त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. पूर्वी ती प्राण्याच्या रक्तातून थेट काढली जात. एका प्राण्याच्या रक्तातला साठा संपला की दुसऱ्या प्राण्याचा माल वेगळा निघे. १९७५ मध्ये केंब्रिजला जॉर्जेस कोलर आणि सेझार मिलस्टीन यांनी प्रतिपिंड बनवणारी एकच पेशी निवडून तिची सांगड कर्करोगाच्या न मरणाऱ्या पेशीशी घातली. त्या जोडपेशीची पैदास होत राहिली, आणि तेच ते प्रतिपिंड हवे तेवढे मिळू लागले. दोघांना १९८४ मध्ये नोबेल मिळाले. कर्करोग ओळखणारी अँटिबॉडी कर्करोगाच्याच पेशीला कामाला लावून बनते, ही यातली गंमत.

पण एकाच पेशीची लेक असली तरी अँटिबॉडी अख्खे प्रथिन ओळखत नाही. ती त्याच्या अंगावरचा एक छोटासा उंचवटा किंवा खळगा तेवढा ओळखते. बाजारात पाठमोऱ्या माणसाला खांद्याच्या ठेवणीवरून ओळखीचा समजून हाक मारावी, आणि वळल्यावर तो भलताच निघावा, असे तिचेही होऊ शकते. तोच उंचवटा दुसऱ्या प्रथिनावर असेल तर ती तिथेही जाऊन बसते. उलट, खरे प्रथिन समोर आहे पण त्याचा तो भाग झाकला गेला आहे, असे असेल तर ती काही न बोलता निघून जाते.

झाकला जाण्याचा हा प्रकार आडवळणाचा नाही, रोजचा आहे. शस्त्रक्रियेत काढलेली गाठ कुजू नये म्हणून फॉर्मलिनमध्ये ठेवतात. फॉर्मलिन प्रथिनांना एकमेकांत गुंतवून जागच्या जागी पक्के करते, आणि त्या गुंत्यात अँटिबॉडीला हवा असलेला भाग दडून बसतो. यामुळे बरीच वर्षे अनेक प्रथिनांची तपासणी अशा नमुन्यांवर नीट होतच नव्हती. १९९१ मध्ये शान-रोंग शी आणि सहकाऱ्यांनी दाखवले की काचपट्ट्या मायक्रोवेव्हमध्ये तापवल्या तर गुंता सुटतो आणि अँटिबॉडी पुन्हा चिकटू लागते. आज कित्येक प्रयोगशाळांत हे काम साध्या प्रेशर कुकरमध्ये होते. नंतर अँटिबॉडी टाकायची, ती बसेल तिथे बसू द्यायची, उरलेली धुवायची. मग तिच्यावर बसणारी दुसरी अँटिबॉडी, आणि तिच्यासोबत हॉर्सरॅडिश नावाच्या तिखट मुळातून मिळणारे एक विकर. हे विकर शेवटी टाकलेल्या रसायनाचा तपकिरी रंग करते. म्हणजे गाठ आणि तपकिरी ठिपका यांच्यामध्ये डझनभर पायऱ्या आहेत, आणि पाय कुठल्याही पायरीवर घसरू शकतो.

घसरला तर काय होते? बहुतेक वेळा काहीच दिसत नाही. हेच या चाचणीचे सर्वांत मोठे दुखणे. चाचणी फसली की काचपट्टी रंगहीन राहते, आणि रोगाच्या पेशींत ते प्रथिन खरोखरच नसले तरी काचपट्टी रंगहीनच राहते. दोन्ही सारखेच दिसतात, आणि कागदावर दोन्हींसाठी शब्द एकच: निगेटिव्ह.

हे दोन अर्थ वेगळे करण्याचा उपाय जुना आणि सोपा आहे. रुग्णाच्या नमुन्याबरोबर, ज्यात ते प्रथिन असल्याचे आधीच माहीत आहे असा एक नमुना त्याच रसायनांतून, त्याच वेळी काढायचा. तो रंगला नाही तर चाचणी बाद. ईआरच्या बाबतीत तर निसर्गानेच सोय करून ठेवली आहे. स्तनाच्या निरोगी दूधनलिकांच्या काही पेशींत इस्ट्रोजेनचा हा रिसेप्टर असतोच, आणि गाठीच्या शेजारी अशा निरोगी नलिका बऱ्याचदा त्याच काचपट्टीवर असतात. त्यांच्यात तपकिरी केंद्रके दिसली आणि गाठीत दिसली नाहीत, तर गाठ खरोखर निगेटिव्ह म्हणता येईल. पण निरोगी नलिकाही कोऱ्याच असतील, तर त्या काचपट्टीवरून निकाल लिहिण्याचा अधिकारच पॅथॉलॉजिस्टला नाही.

कॅनडाच्या न्यूफाउंडलंड आणि लॅब्राडॉर या प्रांतात नेमके हेच वर्षानुवर्षे नजरेआड झाले. जेमतेम पाच लाख लोकवस्तीचा हा प्रांत. तिथल्या सेंट जॉन्स शहरातल्या मध्यवर्ती प्रयोगशाळेत १९९७ पासून ईआरची तपासणी अँटिबॉडीने होऊ लागली. २००४ मध्ये हाताने करायच्या पद्धतीऐवजी स्वयंचलित यंत्र आले. २००५ मध्ये एका रुग्णाचा जुना निगेटिव्ह नमुना पुन्हा तपासला, तर तो पॉझिटिव्ह निघाला. आणखी काही जुने नमुने काढले, तेही उलटले. तेव्हा १९९७ ते २००५ या काळातले हजाराहून अधिक निगेटिव्ह नमुने टोरांटोच्या माउंट सायनाय रुग्णालयात पाठवले गेले. जवळपास चारशे निकाल चुकीचे ठरले.

हा आकडा कागदावर लहान वाटू शकतो. टॅमॉक्सिफेन ही जुनी, स्वस्त गोळी. ईआर पॉझिटिव्ह स्त्रीने ती पाच वर्षे घेतली तर पुढच्या पंधरा वर्षांत स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू येण्याचा धोका सुमारे एक तृतीयांशाने कमी होतो. ज्यांना निगेटिव्ह सांगितले गेले, त्यांना ही गोळी कुणी लिहून दिली नाही. चुकीचा निकाल मिळालेल्यांपैकी शंभराहून अधिक रुग्ण चौकशी सुरू होईपर्यंत या जगात नव्हते. त्यांतले किती जण गोळीने वाचले असते, हे एकेका रुग्णाबाबत कुणालाही सांगता येणार नाही. त्यांच्या घरच्यांना आयुष्यभर छळणारा प्रश्न तोच आहे.

न्यायमूर्ती मार्गारेट कॅमेरॉन यांच्या चौकशी आयोगाचा अहवाल मार्च २००९ मध्ये आला. त्यातून एखादा खलनायक पुढे येईल अशी अपेक्षा असलेल्यांची निराशा झाली. बाटलीतली अँटिबॉडी भेसळीची नव्हती, कुणी पैसेही खाल्ले नव्हते. नमुने फॉर्मलिनमध्ये नीट ठेवले जात नव्हते. तंत्रज्ञांना पुरेसे प्रशिक्षण नव्हते. गुणवत्ता तपासण्याची पद्धत जवळजवळ नव्हतीच. निरोगी नलिका रंगल्या नसतानाही निकाल निगेटिव्ह लिहिले गेले होते. आणि चूक लक्षात आल्यावर आरोग्य प्रशासनाने रुग्णांना, जनतेला खरे आकडे सांगायला जो वेळ लावला, त्याबद्दल आयोगाने स्वतंत्रपणे कान उपटले. नंतर रुग्णांच्या सामूहिक दाव्यात १ कोटी ७५ लाख कॅनडियन डॉलरची तडजोड झाली.

एका कोपऱ्यातल्या प्रांताचा हा ढिसाळपणा, असे म्हणून ही गोष्ट बाजूला ठेवता आली असती. पण डेन्मार्कहून चालणाऱ्या नॉर्डिक्यूसी या बाह्य गुणवत्ता उपक्रमाचा अनुभव वेगळे सांगतो. ही संस्था २००३ पासून प्रयोगशाळांना सारखेच नमुने पाठवते आणि त्यांनी रंगवलेल्या काचपट्ट्या परत मागवून तपासते. स्वतःहून परीक्षेला बसणाऱ्या, म्हणजे मुळात दक्ष अशाच या प्रयोगशाळा. तरीही स्तनाच्या कर्करोगाच्या चाचण्यांत सुमारे २० टक्के आणि इतर चाचण्यांत सुमारे ३० टक्के काचपट्ट्या असमाधानकारक ठरत आल्या आहेत. अशा दहातल्या नऊ काचपट्ट्यांचा दोष एकच: रंग फिका येणे किंवा मुळीच न येणे. म्हणजे चूक झालीच तर ती बहुतेक वेळा त्या फसव्या निगेटिव्हच्याच बाजूने होते.

मूळ संशोधनाच्या प्रयोगशाळांत उलटा घोटाळा जास्त होतो. तिथे अँटिबॉडी जे नाही ते दाखवते. योगायोगाने याचे एक ठळक उदाहरण टोरांटोच्या त्याच माउंट सायनाय रुग्णालयातले आहे. एलेफ्थेरियोस डायमंडिस यांच्या गटाला स्वादुपिंडाच्या कर्करोगाची रक्तातली खूण हवी होती. हा कर्करोग बहुधा उशिरा सापडतो, त्यामुळे लवकर खूण देणारी चाचणी म्हणजे मोठेच यश. सीयूझेडडी१ नावाचे प्रथिन आशादायक वाटत होते. बाजारातून तयार किट आणले, रुग्णांचे नमुने तपासले, निकाल उत्तम. दोन वर्षे आणि सुमारे पाच लाख डॉलर खर्च झाल्यावर कळले की किटमधली अँटिबॉडी सीयूझेडडी१ ला ओळखतच नव्हती. ती सीए-१२५ हे दुसरेच प्रथिन पकडत होती, जे कर्करोगाची खूण म्हणून डॉक्टरांना कित्येक वर्षांपासून ठाऊक आहे. जुन्याच पाहुण्याला नवा समजून हार घातला गेला. या गटाने २०१४ मध्ये हे सगळे छापून इतरांना सावध केले, हा त्यांचा मोठेपणा. अशा फसगती सहसा कपाटात बंद होतात.

त्याहून गंभीर गोष्ट इस्ट्रोजेनच्या दुसऱ्या रिसेप्टरची. ईआर-बीटा हा रिसेप्टर १९९६ मध्ये सापडला. त्यानंतर दोन दशके स्तनाच्या कर्करोगातल्या त्याच्या भूमिकेवर ढिगाने शोधनिबंध आले, आणि ते एकमेकांशी भांडत राहिले. कुणाला तो गाठीत भरपूर दिसे, कुणाला दिसतच नसे. २०१७ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी या कामासाठी वापरल्या जाणाऱ्या १३ अँटिबॉडींची कसून परीक्षा घेतली. परीक्षेत खऱ्या अर्थाने पास झाली एकच. आणि त्या एकीने पाहिले, तर स्तनाच्या निरोगी किंवा कर्करोगाच्या ऊतीत ईआर-बीटा सापडलाच नाही.

ही परीक्षा घेण्याचा आज एक चोख मार्ग आहे. जनुक-कात्रीने एखाद्या पेशीतून त्या प्रथिनाचे जनुकच काढून टाकायचे. आता त्या पेशीत ते प्रथिन असूच शकत नाही. तरीही अँटिबॉडीने रंग दाखवला, तर ती खोटी बोलते आहे. कॅनडाच्या मॅकगिल विद्यापीठात रुजलेल्या वायकॅरोस या प्रकल्पाने ६५ प्रथिनांसाठी विकल्या जाणाऱ्या ६१४ अँटिबॉडींची याच पद्धतीने झडती घेतली आणि २०२३ मध्ये निकाल प्रसिद्ध केले. नापासांची संख्या मोठी होती, आणि त्या नापास अँटिबॉडी वापरून लिहिलेले शोधनिबंधही थोडेथोडके नव्हते. यातली चांगली बाजू अशी की उत्पादक कंपन्यांनी स्वतःच आपला माल परीक्षेला दिला होता, आणि निकालानंतर काहींनी नापास अँटिबॉडी विक्रीतून काढल्या. परीक्षा घेतली तर बाजार सुधारतो, याचा हा पुरावा म्हणायला हरकत नाही.

रुग्णालयात वापरल्या जाणाऱ्या ईआर किंवा हर-टूच्या अँटिबॉडी या गर्दीतल्या नव्हेत, हेही स्पष्ट सांगायला हवे. त्या वर्षानुवर्षे पारखलेल्या आहेत. या चाचण्यांनी जगभर लाखो स्त्रियांना योग्य औषध मिळवून दिले. हर-टूचेच पाहा. १९८७ मध्ये डेनिस स्लेमन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की ज्या गाठींत या जनुकाच्या प्रती वाढलेल्या असतात, त्या स्त्रियांचा आजार जास्त आक्रमक असतो. ११ वर्षांनी, सप्टेंबर १९९८ मध्ये, त्यावरचे औषध ट्रास्टुझुमॅब अमेरिकेत मंजूर झाले, आणि त्याच दिवशी कोणत्या स्त्रीला ते द्यायचे हे ठरवणारी अँटिबॉडीची चाचणीही. औषध आणि चाचणी एकाच दिवशी मंजूर झाली, कारण पारख नसेल तर औषधाला अर्थ नव्हता. ट्रास्टुझुमॅब हीसुद्धा एक अँटिबॉडीच. एक बोट दाखवते, दुसरी घाव घालते. तेव्हा प्रश्न अँटिबॉडी चांगली की वाईट असा नाही. चांगली अँटिबॉडीसुद्धा वाईट हाताळलेल्या गाठीवर मुकी होते, आणि भारतातला धोका इथे आहे.

गाठ शरीरातून बाहेर पडल्यापासून तासाभरात ती फॉर्मलिनमध्ये जायला हवी. तिथे तिने किमान ६ आणि जास्तीत जास्त ७२ तास राहावे. फॉर्मलिनही साधे नको, आम्लता सांभाळलेले हवे, आणि गाठीच्या निदान दसपट. शिवाय फॉर्मलिन ऊतीत तासाला जेमतेम मिलिमीटरभर शिरते. म्हणून अख्खा स्तन काढला असेल तर त्याला आधी चिरा देऊन ठेवावे लागते. नाहीतर बाहेरचा भाग पक्का होतो आणि आतली गाठ सडत राहते. हे सगळे पाठ्यपुस्तकात आहे. आता तालुक्याच्या गावातले एखादे छोटे शस्त्रक्रियागृह डोळ्यांसमोर आणावे. शनिवारी दुपारी शस्त्रक्रिया होते. गाठ हाताला लागेल त्या बरणीत जाते, तीत फॉर्मलिन असते पण गाठ जेमतेम बुडेल एवढे. बरणी पिशवीत घालून नातेवाइकाच्या हाती दिली जाते: ‘शहरातल्या लॅबमध्ये नेऊन द्या.’ लॅब सोमवारी उघडते. एसटीतून बरणी पोचते तेव्हा गाठ नेमकी कधी काढली, फॉर्मलिनमध्ये कधी टाकली, हे सांगणारे कुणी नसते, आणि कागदावर त्यासाठी रकानाही नसतो. पुढे शहरातली ती लॅब कितीही उत्तम असो, तिच्या हाती आलेले प्रथिन आधीच अर्धे विरघळलेले असू शकते.

भारतीय स्त्रियांमध्ये तिन्ही चाचण्या निगेटिव्ह असलेल्या, म्हणजे ट्रिपल निगेटिव्ह कर्करोगाचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा बरेच जास्त नोंदवले जाते. याची काही कारणे खरी असणार. आपल्याकडे हा आजार तुलनेने तरुण वयात होतो, आणि तरुण वयात हा प्रकार अधिक आढळतो. पण यातला काही वाटा आजाराचा नसून बरणीचा तर नाही, ही शंका खुद्द भारतीय पॅथॉलॉजिस्टनीच मांडलेली आहे. तो वाटा छोटा निघाला तरी त्याचा अर्थ भयंकर आहे: काही रुपयांची गोळी ज्यांना उपयोगी पडली असती, अशा काही स्त्रिया ती न घेता फक्त केमोथेरपी सोसत आहेत. टॅमॉक्सिफेन भारतात सहज मिळते. ट्रास्टुझुमॅबची भारतीय आवृत्तीही २०१४ पासून बाजारात आहे आणि किमती पूर्वीच्या मानाने उतरल्या आहेत. औषध स्वस्त करण्यासाठी एवढा आटापिटा झाला, तर ते कुणाला द्यायचे हे सांगणाऱ्या चाचणीकडे तेवढेच लक्ष का नसावे?

आता तर फिक्या रंगालाही किंमत आली आहे. हर-टूचा निकाल ०, १+, २+ आणि ३+ असा लिहितात. बरीच वर्षे फक्त ३+ ला अर्थ होता. २+ आला तर जनुकाची वेगळी, फिश नावाची चाचणी, आणि ० किंवा १+ म्हणजे सरळ निगेटिव्ह. त्या दोघांत फरक करण्याची गरज कुणाला वाटली नाही. २०२२ मध्ये ट्रास्टुझुमॅब डेरुक्सटेकान या औषधाच्या चाचणीने चित्र पालटले. पसरलेल्या आजारात, हर-टू अगदी थोडे असलेल्या, म्हणजे १+ आणि फिशमध्ये निगेटिव्ह ठरलेल्या २+ स्त्रियांनाही त्याचा फायदा दिसला. म्हणजे ० आणि १+ यांच्यातली पुसट रेषा हीच तेव्हा औषध मिळण्याची आणि न मिळण्याची रेषा झाली. याच सुमारास अमेरिकेत १८ पॅथॉलॉजिस्टना त्याच त्या काचपट्ट्या दाखवल्या, तर ० आणि १+ यांच्यातल्या फरकावर त्यांचे एकमत अवघे २६ टक्के निघाले. दोष पॅथॉलॉजिस्टच्या डोळ्यांचा नाही. ठळक फरक दाखवण्यासाठी घडवलेल्या चाचणीला आता केसाएवढा फरक विचारला जात आहे. फिका रंग वाचायचा, तर गाठीची हाताळणी आणखी काटेकोर हवी, हे उघड आहे.

महाराष्ट्रात याबाबत करण्यासारख्या गोष्टी अवघड मुळीच नाहीत. प्रयोगशाळेने एनएबीएलची मान्यता घ्यायची की नाही, हे आजही बहुतांशी तिच्या मर्जीवर आहे. केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा राज्याने स्वीकारलेला नाही आणि प्रयोगशाळांसाठी वेगळ्या कायद्याची नुसती चर्चा होत राहते. प्रत्येक लॅबला एकाच मापाने मोजणारा मोठा कायदा येईल तेव्हा येवो. तोवर निदान एक नियम हवा: ज्या चाचणीच्या निकालावर कर्करोगाचे औषध ठरते, ती चाचणी बाह्य गुणवत्ता परीक्षेला न बसणाऱ्या प्रयोगशाळेने करू नये. रक्तातल्या साखरेची चाचणी चुकली तर ती उद्या पुन्हा होते. ईआर चुकला तर ते कळायला आठ वर्षे लागू शकतात, हे न्यूफाउंडलंडने दाखवले आहे.

यावर लहान शहरांतल्या प्रयोगशाळांचा आक्षेप ठरलेला आहे. बाह्य परीक्षेची फी, महागडी यंत्रे, दिवसाला दोन-तीनच नमुने. असे नियम आले तर आम्ही ही चाचणी बंद करू आणि रुग्णाला मुंबई-पुण्याला हेलपाटे पडतील. आक्षेपात तथ्य आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष चुकीचा आहे. दिवसाला दोन नमुने रंगवणाऱ्या हाताला सराव कमीच राहणार. रुग्णाने कुठेही जाण्याची गरज नाही. मेणात बसवलेला गाठीचा ठोकळा, ज्याला ‘ब्लॉक’ म्हणतात, तो कुरियरने जाऊ शकतो. गाठ नीट फॉर्मलिनमध्ये ठेवून ब्लॉक तयार करणे हे काम स्थानिक पातळीवर चोख व्हावे, आणि रंगवण्याचे काम रोज शेकडो काचपट्ट्या रंगवणाऱ्या मोजक्या केंद्रांत व्हावे, ही वाटणी जास्त शहाणपणाची आहे. पहिल्या कामाला लागते काय? योग्य फॉर्मलिन, मोठी बरणी, आणि वेळ लिहायला एक पेन.

अहवालाच्या नमुन्यातही चार ओळींची भर पडायला हवी. गाठ कधी काढली आणि फॉर्मलिनमध्ये किती तास होती. कोणती अँटिबॉडी वापरली. तिला तिच्या कुळाचे नाव असते, एसपी१ किंवा तत्सम. किती टक्के पेशी रंगल्या. कारण १ टक्का पेशी रंगल्या तरी ईआर पॉझिटिव्ह धरतात, आणि १ ते १० टक्क्यांच्या मधल्या रुग्णांबाबत डॉक्टरला वेगळा विचार करावा लागतो, तिथे नुसते ‘पॉझिटिव्ह’ पुरत नाही. आणि चौथी, सर्वांत मोलाची: नियंत्रण नमुना आणि शेजारच्या निरोगी नलिका रंगल्या होत्या का. अनेक चांगल्या प्रयोगशाळा आजही हे सगळे छापतात. ज्यांच्या अहवालात ते नसते, त्यांना रुग्णाच्या डॉक्टरने विचारले पाहिजे. निगेटिव्ह निकालाखाली नियंत्रणाबद्दल एक शब्दही नसेल, तर तो निकाल अपुरा समजण्याचा पूर्ण हक्क कर्करोगतज्ज्ञाला आहे, आणि त्याने तो वापरावा.

रुग्णाच्या बाजूनेही एक गोष्ट सहज होऊ शकते. शस्त्रक्रिया ठरते तेव्हा घरचे लोक भूल, रक्त, खोलीचे भाडे, विमा असे सगळे विचारतात. त्यात आणखी एक प्रश्न घालावा: गाठ फॉर्मलिनमध्ये कोण आणि कधी ठेवणार, आणि वेळ कोण लिहिणार? ती पोचवण्याचे काम नातेवाइकांवर आलेच, तर दोन दिवस घरी ठेवून नव्हे, त्याच दिवशी ती लॅबमध्ये जाईल असे पाहावे. निकाल आजाराच्या एकूण रूपाशी जुळत नसेल, उदाहरणार्थ सौम्य, संथ वाढणारी गाठ आणि तरीही तिन्ही निगेटिव्ह, तर दुसऱ्या प्रयोगशाळेतून तपासणी करून घ्यायला हरकत नसावी; अशा वेळी चांगले पॅथॉलॉजिस्ट स्वतःच तसे सुचवतात. त्यासाठी पुन्हा सुई टोचावी लागत नाही. ब्लॉक मागून घ्यायचा, पोच लिहून द्यायची आणि दुसरीकडे न्यायचा. न्यूफाउंडलंडमधल्या त्या रुग्णांचे निकाल आठ वर्षांनंतरही पुन्हा तपासता आले, कारण त्यांचे मेणाचे ठोकळे कुणीतरी कपाटात जपून ठेवले होते.